गोधडीखालचा लॅपटॉप

माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की घरातली माणसं वस्तू लपवायला लागतात. त्या रविवारी मात्र आईचा लॅपटॉप माझ्या तावडीत सापडला.

आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत इतिहास शिकवायची. रिटायर झाल्यावर मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, खालच्या मजल्यावरच्या मुलीसाठी ती बारावीचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करायला लागली. त्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. आई एकेक पाठ वाचायची, मधलं खोकणं-अडखळणं लॅपटॉपवर कापून टाकायची आणि पाठवायची. लॅपटॉप बारा वर्षांचा. तो पाठ साफ करायला बसला की तेवढ्यात आईची भाजी शिजून व्हायची. म्हटलं, प्रोसेसरच बदलून टाकू. तेव्हाच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर निघायचा तरी, आतासारखा कायमचा जोडलेला नसायचा. जुन्या मालाच्या दुकानातून त्याच जातीतला सगळ्यात दांडगा आणला आणि बसवला.

"नाकापेक्षा मोती जड होणार नाही ना रे?" आईने विचारलं.

"आई, तू फक्त वाच गं." काय तो माझा तोरा!

रोज कामावरून आलो की विचारायचो, "कसा चालतोय?"

"झकास!" आई म्हणायची. दोन आठवडे मी कॉलर ताठ करून फिरलो.

इतिहासाच्या पेपरला चार दिवस राहिले होते आणि तीन पाठ बाकी होते. त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. आई दोन ते चार रेकॉर्डिंग करते, कारण तेव्हाच सोसायटीत भाजीवाल्याची हाक नसते की कुकरची शिट्टी नसते. मी हळूच दार उघडलं. खिडक्या बंद, डोक्यावरचा पंखा बंद, आई घामाने डबडबलेली. एका हातात माईक, दुसऱ्या हातात पुस्तक. समोर टेबलावर गोधडी, आणि गोधडीखालून मिक्सरसारखी घरघर.

मी गोधडी ओढली. लॅपटॉपला हात लावला तर चटकाच बसला. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. अख्खा पाठ गेला.

"आई, वेडी आहेस का तू? लॅपटॉपवर कोणी गोधडी घालतं?"

"मग काय करू मेल्या? तुझा तो फॅन असा कोकलतो की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. गोधडीने जरा दबतो."

"पण असा बंद पडतो ना!"

"पडतो. रोज दोनदा पडतो. मग परत वाचते."

"आणि मला म्हणतेस झकास?"

"एवढ्या हौसेने केलंस रे. कसं सांगणार?"

खरं सांगतो, मला रडू आलं. नवा प्रोसेसर जास्त तापणारा, आणि आतली उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी न् पंखा मी जुनाच ठेवलेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या मारुतीपायी पासष्ट वर्षांची बाई बंद खोलीत एकेक पाठ दोन-दोनदा वाचत होती.

जुना परत बसवायचा, तर तो मी कुठे टाकला होता तेच आठवेना. आईने बटणांचा डबा उघडला आणि कापसात गुंडाळलेला प्रोसेसर माझ्या हातावर ठेवला. काढलेली कुठलीच वस्तू ही बाई फेकत नाही. तो तासाभरात बसला. मग तीन दिवस रजा टाकून मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, कोणी बेल वाजवू नये म्हणून. आईचा घसा बसला, पण पाठ झाले.

पेपर देऊन ती मुलगी थेट आमच्याकडे आली. "आजी, सगळं आलं! मी धडाधड सांगत होते, लेखनिकाचा हात दुखला." मग माझा आवाज ऐकून माझ्याकडे वळली. "काका, शेवटच्या तीन पाठांत ती मागची घरघर नाहीये ना? त्यात आजी हळू वाचतात. घरघर असायची तेव्हा कशा ओरडून वाचायच्या, वर्गात शिकवतात तशा! ते पाठ मला शब्दन् शब्द आठवले."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही पेपर मीच दिला होता. "बघ," ती म्हणाली, "उगाच तोंड पाडून बसला होतास."

संध्याकाळी शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी तो डबा उघडला. वरच कापसाची पुडी होती आणि पुडीत माझा दांडगा प्रोसेसर. मी तर तो रागाने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.