औंदा कोण रुसलंय

कपाळावर आडवा हात धरून मावशी विहिरीवरच्या सात दगडांकडे बारीक डोळ्यांनी बघायची आणि सांगायची, “औंदा ही रुसून राहिली.”

मी कुरुंद्यात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्या विहिरीचा पंप बिघडला म्हणून गेलो, तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. साती आसरा तुम्हीही कुठंतरी पाहिल्या असतीलच. पाण्याच्या सात बहिणी, शेंदूर फासलेले दगड, सगळे एकसारखे. गावात हळद शिजवायला घेण्याआधी मावशी, सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं, त्यातली रुसलेली निवडायची, तिला उचलून मधोमध बसवायची आणि तिच्यापुढं दिवा लावायची.

मला असल्या गोष्टींचा भारी नाद. काहून, म्हणून विचारलं.

“एकीनंच मधी काहून बसावं? बाकीच्या काय पाहुण्या हायत?”

बरं, पण रुसलेली ओळखायची कशी?

“सहा नणंदांत नांदले मी. रुसलेलं तोंड मला कळत न्हाई व्हय?”

दरवर्षी मी काहीतरी निमित्त काढून त्या दिवशी तिथं जायचो. आज कोण, हे मनातल्या मनात ओळखायचो आणि हमखास चुकायचो.

मग गावानं हौसेनं फरशीचा ओटा बांधला. मावशी कळमनुरीला लेकीकडं गेली होती. गवंडीकाम करणाऱ्या चाचांनी सातही दगड सिमेंटात पक्के बसवले. काम झकास झालं होतं. मावशी परतली, एका दगडाला हात घातला, तो हलेना. दुसरा हलेना. पदर तोंडाला लावून ती तिथंच बसली. आता एकच कायमची मधे आणि बाकीच्या जन्मभर कडेला, हे तिला सोसेना. मलाही वाईट वाटलं. चाचा बिचारे ओशाळले, छन्नी घेऊन आले.

तिनं त्यांचा हात धरला. “नको. घाव बसंल त्यायला.”

दिवसभर ती जेवली नाही. दिवेलागणीला उठली, मधला दिवा उचलला आणि अगदी कडेच्या आसरेपुढं ठेवला.

“तिला उठता येत न्हाई, तं आपण सरकावं,” म्हणाली आणि स्वतःही तिकडं सरकून बसली. तेव्हापासून दिवा दरवर्षी जागा बदलायचा.

मावशी दिवाळीनंतर वारली. परवा हळद शिजवायची वेळ आली, तेव्हा चाचांनी दिवा माझ्या हातात दिला. सारखं तूच विचारायचास तिला, म्हणाले.

मी कपाळावर हात धरला, डोळे बारीक केले. सातही जणी रुसल्या होत्या.