डिंपलच्या राज्यातला मुराळी

रोज दिवाबत्ती झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. भाजी काय केली, पोथीचा कितवा अध्याय झाला, घरी कोण आलं. शेजारच्या डिंपलचं मात्र चार ओळींत बसलं नाही, म्हणून तिला हे वेगळं पान.

डिंपल माहेरची शिंदखेड्याची. पिंप्राळ्यात कुंदाबाईंची सून होऊन आली तेव्हापासून आमच्या भिंतीला भिंत. भरभर चालते, भाकरी उभ्यानेच खाते, ब्लाउज शिवते आणि एक राज्य चालवते. राज्य फोनमध्ये आहे. धुळ्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणी, त्यांचे भाऊबंद, असे आठ-दहा जण दुपारची कामं आवरली की त्यात लिहितात. प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं. कोणी राजा, कोणी लढवय्यी, कोणी जादूगार. आपलं सोंग काय करतं ते ज्याने त्याने लिहायचं, आणि ते जमलं की फसलं हे डिंपलने ठरवायचं. ती सूत्रधार. शिलाई मशीनवर चहाच्या डब्याला टेकवून फोन ठेवते आणि बॉबिन भरता भरता कोणाचा तरी हात तोडते.

तिच्या राज्याला शिस्त आहे. जेवल्याशिवाय तिथे कोणी लढत नाही. एकाने उपाशीपोटी डोंगर ओलांडायला घेतला तर तिने त्याला खिंडीत चक्कर आणली. कुंदाबाईंना हे पटलं. तेव्हापासून त्याही वाटी मागायला आल्यासारख्या तिच्या खोलीत डोकावतात आणि विचारतात, "तुमचा म्हातारा राजा जेवला का?"

अडचण होती ती डिंपलच्या धाकट्या भावाची, नवलची. शिंदखेड्यात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं, वायंडिंगचं दुकान आहे. राज्यात तो वायुनाथ नावाचा जादूगार, आणि मंत्र म्हटला की हव्या त्या ठिकाणी क्षणात पोचायची विद्या त्याच्याकडे. आधी सगळ्यांना कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की संकटाच्या वेळी वायुनाथ नसतोच. राक्षस आला, तर हा बागेत. आग लागली, तर हा दुसऱ्या देशात. चैत्रात सगळे एका नदीकाठी अडकले. मागे शत्रू, पुढे पूर, म्हातारा राजा कोणाच्या तरी पाठीवर. बोदवडच्या मेघाची लढवय्यी वायुनाथाच्या भरवशावर पाण्यात उतरलेली. नवलने लिहिलं, "मी मंत्र म्हटला. आता मी समुद्रातल्या किल्ल्यावर आहे."

डिंपलने त्याला फोन लावला. भावाशी ती अहिराणीतच बोलते. "बठ्ठा नदीवर उभा शेतस. तू कथा शे?" सगळे नदीवर, मग तू कुठे, असा तिचा सवाल.

"लिखेल शे ना. किल्लावर."

मेघाने सांगून टाकलं, हा असाच पळणार असेल तर मी खेळणार नाही. आणखी दोघं तिच्या बाजूने झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी गच्चीवर कुरडया घालत होतो. डिंपलने आम्हालाच विचारलं, जादू काढून घेऊ की राहू देऊ.

मी म्हटलं, "पोथीतही देव अंतर्धान पावतात. पण वर देऊन झाल्यावर. अर्ध्या कामातून कोणी गेल्याचं माझ्या वाचनात नाही."

कुंदाबाईंचा प्रश्न वेगळा होता. "जातो तिथली माणसं याला घरात घेतात कशी? कोणी बोलावलंय? आपल्याकडे आखाजीला लेकसुद्धा मुराळी आल्याशिवाय माहेरी निघत नाही. घरून माणूस यावा लागतो. तो पाणी पितो, जेवतो, मग तिला घेऊन जातो. याला न्यायला कोण आलं होतं?"

डिंपलचा सोऱ्या थांबला. अर्धी कुरडई तशीच राहिली.

कुंदाबाई जादूगाराबद्दल बोलल्या होत्या, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खरोखरच तोंडावर होती. दरवर्षी डिंपलला न्यायला तिचे वडील, रतिलाल नाना, पॅसेंजरने यायचे. दिवाळीच्या आसपास नाना गेले. यंदा आखाजीला माहेरी, पितरांसाठी भरतात तशी, त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती आणि ती भरताना तिला तिथे असायचं होतं. नवल फोनवर म्हणाला होता, "कितलंसं अंतर शे? बस गाडीमा नि ये." उन्हाळा म्हणजे मोटारी जळायचे दिवस, दुकान सोडवत नाही म्हणे. डिंपलचा नवरा योगराज सोडायला तयार होता. कुंदाबाईही अडवत नव्हत्या. डिंपलच म्हणाली, "घरून कोणी आलं तर जाईन."

त्या दुपारी राज्यात नवा नियम लागला. विद्येने कुठेही जाता येईल, पण त्या ठिकाणाहून कोणीतरी पायी न्यायला आलं पाहिजे. मुराळी आल्याशिवाय मंत्र चालणार नाही. परतीलाही हाच नियम.

नवलने लिहिलं, "मग ती जादू कसली? एसटी झाली."

मेघाने लिहिलं, "एसटी तरी वेळेवर माणसं उतरवते."

वायुनाथ समुद्रातल्या किल्ल्यावर अडकला. आधी दोन दिवस त्याने समुद्राचं वर्णन केलं. मग किल्ल्यातलं तेल संपलं. मग पीठ. डिंपलच्या राज्यात जेवणाची शिस्त कडक असल्याने त्याला चक्कर येऊ लागली. न्यायला कोणी जाईना. मेघा म्हणाली, "राहू द्या, तिथली हवा चांगली आहे."

शेवटी नवलने थेट कुंदाबाईंनाच फोन केला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, त्यामुळे मलाही ऐकू आला.

"मावशी, तुमच्या सुनेला सांगा ना जरा. कोणाला तरी पाठवा म्हणा मला घ्यायला."

"सांगते. फार दिवस झाले का अडकून?"

"आठवडा होत आला."

"वाट बघून जीव जातो रे. आमच्याकडेही एक जण अडकलंय. तिला न्यायला अजून कोणी आलं नाही." एवढं बोलून त्यांनी गहू निवडायला घेतले. मग तिकडून फोन बंद झाला.

आखाजीच्या आदल्या दिवशी, उन्हं चढल्यावर, नवल दारात उभा. हातात आंब्यांची पिशवी, शर्टाला वायंडिंगच्या वॉर्निशचा वास. कुंदाबाईंनी गूळ-पाणी पुढे केलं.

"मंत्राने आलास?"

"पॅसेंजरने."

"लेट होती?"

"होती."

"मग बस. जेवून जा."

डिंपल स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आतूनच म्हणाली, "दुकान?"

"बंद करी उनू." बंद करून आला होता.

थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली. डोळे लाल होते, पण कांदा चिरलेला असल्याने काही म्हणता येत नाही. भाऊ जेवत असताना तिने मेघाला दोन शब्द लिहिले. लगेच लढवय्यी नदीकाठाहून समुद्राकडे निघाली. पायी.

नवलने आमरसाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "ती कधी पोचेल?"

डिंपल म्हणाली, "घागर भरून झाल्यावर."

दोघं दुपारच्या गाडीने गेली. दुसऱ्या घाण्याच्या कुरडया कुंदाबाईंनी आणि मी घातल्या. त्या दोनदा म्हणाल्या की मेघा अजून वाटेतच असेल, आणि तिने बरोबर काही खायला घेतलं असलं म्हणजे झालं.