धूळ बसवायचं यंत्र

ऐंशीच्या दशकात माझे वडील मुलुंडच्या एका कारखान्यात गारगोटी दळायच्या खात्यात होते. आंघोळ करूनही त्यांच्या कानामागे पांढरं राहायचं. खोकला सुरू झाला की आई हातातलं काम ठेवून नुसती उभी राहायची. मी पीएचडीचा विषय घेतला तो या धुळीसाठीच. पाण्याचा बारीक फवारा मारून ती जागच्या जागी बसवायची. विलेपार्ल्याच्या कॉलेजात पंप, नळ्या आणि गळके सांधे यांच्याशी मी वर्षानुवर्षं झगडले, आणि एकदाची धूळ बसली.

मी गाइडच्या मागे लागले, की सर, एकदा कारखान्यात लावून बघू. माणूस वाईट नव्हता, फक्त अती सावध. "आधी व्हायवा होऊ दे गं. मग बघू ना."

बाबांचा मात्र माझ्यावर भलताच विश्वास. डॉक्टरने खातं बदला म्हणून बजावलं होतं, साहेब पॅकिंगमध्ये जागा द्यायला तयार होते. बाबा त्यांना म्हणाले, नको, माझी मुलगी यंत्र आणतेय.

व्हायवाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, यंत्र बघायला. पण आमच्याकडची रीत अशी, की थिसिस दिला की सामान स्टोअरला परत. माझा पंप एव्हाना दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाला जोडलेला होता, नळ्या धुऊन कपाटात गेल्या होत्या.

"तुझा यंत्र खंय गो?" बाबांनी विचारलं.

"सुटं करून ठेवलंय," मी म्हटलं. ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

बाहेरगावच्या परीक्षकांनी समोसे खाल्ले, आलेखांची तारीफ केली आणि विचारलं, "याचा प्रत्यक्ष उपयोग काय?" मी तोंड उघडलं तेवढ्यात व्हरांड्यात बाबांना उबळ आली. ती थांबेचना. परीक्षकांनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

नंतर सरांनी अभिनंदन केलं. मी कारखान्याचं विचारलं. "ते आपलं काम नाही गं. आपण संशोधन करतो." तरी मी वाकून नमस्कार केला, कारण तिथे तसंच करायचं असतं.

बाबांनी चाळीत घरोघरी पेढे वाटले, मुलगी डॉक्टर झाली म्हणून. पॅकिंगमधली जागा तोवर दुसऱ्याला मिळाली होती. सोमवारी पहिल्या पाळीला ते आपल्या नेहमीच्या खात्यात गेले, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याची घडी बांधून.