गिरिजाबाईंची इरकल आधी हैदराबाद बघून आली

"मला न्हाय बाई तसली हौस. गर्दी, धूर, आन् ते पाणचट दूध!" असं गिरिजाबाई म्हणायच्या. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणायच्या. इतक्या वेळा म्हणायच्या, की येरमाळ्याच्या फाट्यावरच्या चहावाल्यालासुद्धा कळून चुकलं होतं की बाईंना हैदराबादला जायचंय.

गिरिजाबाई खवा करायच्या. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर, घरामागं भट्टी. रोज दोन वेळा चौदा घरांचं दूध यायचं, नवरा शरणबसप्पा मोटरसायकलीला कॅन अडकवून आणायचा. तयार खवा संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून हैदराबादला, एका मिठाईवाल्या सेठकडं जायचा. त्या सेठचा दर महिन्याला फोन यायचा, "भाई, वो खवेवाली अम्मा को भेजो ना एक बार! चारमिनार दिखाते, खिलाते, दुकान में शाल ओढाते. नक्को बोले तो हम नाराज होते, देखो!"

हे वाक्य गिरिजाबाईंना सेठच्या सुरासकट पाठ होतं. भट्टीपुढं एकट्या असल्या की त्या हळूच म्हणून बघायच्या, "हम नाराज होते, देखो!" आणि स्वतःशीच लाजून कढईत उलथणं फिरवायच्या.

दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार पक्का झाला. धाकटा दीर उमाशंकर हिशोबाला जाणारच होता. आता त्याच्याबरोबर कोण जाणार, एवढंच ठरायचं होतं. ते सासूबाईंनी ठरवलं. लक्ष्मम्मांचा आवाज म्हणजे पितळी घागर दगडावर ठेवावी तसा. एकदाच वाजायचा, पण सगळ्या घराला ऐकू जायचा.

"तू गेलीस तर खवा कोन करनार?"

"शिवलीला करंल की, अत्याबाई."

"शिवलीला? तिच्या हातनं पानी बी करपतंय."

"पन शेठनं मला बोलावलंय."

"ज्याला येतंय त्यानं ऱ्हायचं, ज्याला येत न्हाय त्यानं जायचं. शिवलीला जाईल नवऱ्यासंगं. घरातलं कुनीतरी गेलं म्हंजी झालं."

शिवलीला म्हणजे धाकटी जाऊ, उमाशंकरची बायको. माहेर आळंदकडचं, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं 'अय्यो'नं सुरू व्हायचं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिला खवा जमत नव्हता. "अक्का, कवा उतरवायचं ते कसं कळतंय?" असं ती विचारायची, आणि गिरिजाबाई कढईतून मान वर न करता म्हणायच्या, "कळतंय." बस. एवढंच शिक्षण.

शुक्रवारी निघताना शिवलीला दारात येऊन उभी राहिली. "अक्का, तुमची ती डाळिंबी इरकल नेऊ का? माझ्याकडं शहरात नेसायजोगी एक न्हाय बगा."

सासूबाई बघत होत्या म्हणून गिरिजाबाईंनी ट्रंक उघडली. आयुष्यात तीनदा नेसलेली साडी. ट्रॅव्हल्स वळणाआड गेली तेव्हा त्यांना खिडकीतून डाळिंबी पदराचं टोक दिसलं. आपली साडी चारमिनार बघणार आणि आपण कढई!

शनिवारी सकाळपासून मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून भट्टीजवळ उभा केलेला होता, आणि तो थांबायलाच तयार नव्हता. आधी डोशाचा फोटो आला. डोसा हातभर लांब.

"आत भाजी न्हाय वाटतं," गिरिजाबाई म्हणाल्या. "नुसता फुगलाय."

मग शिवलीलाचा आवाज आला, "अक्का, अय्यो, हितला चहा काय सांगू! दुधात खवा टाकतेत म्हणं! बिस्कीट बुडवलं की हातात नुसता तुकडाच ऱ्हातोय बगा!"

"मग ते बिस्कीट कच्चं आसंल."

मग गोवळकोंड्याचा किल्ला. "खाली टाळी वाजवली की पार वरच्या बुरुजावर ऐकू येती, अक्का!"

"टाळी ऐकाया एवढ्या लांब जायचं? हितं अत्याबाईंनी ताट आपटलं तर तेरखेड्यापतोर जातंय."

फोटो मात्र त्या एकही सोडत नव्हत्या. दोन बोटांनी मोठा करून आधी साडी बघायच्या, कुठं डाग पडलाय का. डाग नव्हता. त्यानंही राग यायचा.

दुपारी चारला दूध आलं, कढई चढली. खवा उतरायच्या आधी कढईचा आवाज बदलतो. आधी नुसतं बुदबुद, मग जड फदफद, आणि मग तळाशी एकदम बारीक, दबकं सुर्रर्र. त्या सुर्रर्रला लाकडं बाहेर ओढली नाहीत की खवा खाली लागलाच म्हणून समजा. हे गिरिजाबाईंनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात व्हिडिओ आला. सेठचं दुकान. मधोमध खुर्चीत शिवलीला, गळ्यात हार, इरकलीवर शाल. सेठ म्हणत होता, "ये देखो, अपनी खवेवाली अम्मा! अम्मा, हात में क्या जादू है, बताओ ना!" आणि शिवलीला लाजून म्हणत होती, "अय्यो, जादू कायका! हात चलाना पडता, बस." मग टाळ्याच टाळ्या.

हात चलाना पडता! गिरिजाबाईंनी व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्या वेळच्या टाळ्यांत कढईचं सुर्रर्र बुडून गेलं. ते त्यांच्या नाकाला कळलं, कानाला नाही.

लागलेला घाणा त्यांच्या भट्टीवरून कधी बाहेर गेला नव्हता, तो घरातच संपवायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी तो शांतपणे डब्यात भरला, झाकण घट्ट दाबलं आणि म्हणाल्या, "खवेवाली तिकडं बसलीय न्हवं? मग ह्यो तिचाच हाय."

डबा संध्याकाळच्या गाडीनं गेला.

रविवारी एकही फोटो आला नाही. गिरिजाबाईंनी दिवसभरात शंभर वेळा मोबाईल पुसला. आता सेठ डबा उघडत असेल. आता शिवलीला म्हणत असेल, "म्या न्हाय केला, अक्कानं केलाय." म्हणू दे. निदान खवा कुणाचा ते तरी जगाला कळेल.

सोमवारी सकाळी दोघं उतरले. उमाशंकरनं पिशवी टेकवायच्या आत आईला सांगायला सुरुवात केली. "डबा उघडला आन् शेठचं तोंडच उतरलं. सगळ्या नोकरांसमोर म्हणतो, अम्मा, ये क्या, जला के भेजे?"

गिरिजाबाई कढई खरवडत होत्या. "मग?"

"मग काय वहिनी, हिनं कान धरले. म्हनली, मेरेच हात का है सेठ, शुक्रवार को निकलने की गडबड में ध्यान नहीं रहा."

पितळी घागर वाजली. "बग गं गिरिजा! केवढं मन पोरीचं!"

डोसा तिचा, शाल तिची, टाळ्या तिच्या, आता करपलेला खवासुद्धा तिचाच झाला. स्वतःच्या नावानं बोलणी खायचीसुद्धा गिरिजाबाईंची सोय राहिली नाही.

दुपारी शिवलीला साडीची घडी घेऊन भट्टीवर आली. साडीला चहाचा वास होता. ती हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमच्या हातनं कधी लागत न्हाय. दहा वर्सं बघतेय म्या."

गिरिजाबाईंनी विस्तवाकडं बघितलं.

"शाल घेतानाच सांगाया पायजे हुतं," शिवलीला म्हणाली. "पन समदे टाळ्या वाजवत हुते, आन् मला लई बरं वाटलं. हितं मला कोन कशाला टाळ्या वाजवतंय? शेठला सांगून आलेय, पुढच्या शनवारी माझी मोठी जाऊ येती, खवा तिच्याकडनंच शिकले म्हणून."

"आन् भट्टी?"

"तेच म्हनते. शिकवा की आता."

मंगळवारी गिरिजाबाई म्हणाल्या, "अंदाज आसतोय." बुधवारी म्हणाल्या, "आजून जरा." गुरुवारी दोरीवर वाळणाऱ्या इरकलीकडं बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग दातावर दात ठेवून म्हणाल्या, "डोळे मीट. ऐक."

शिवलीलानं ऐकलं आणि लगेच म्हणून दाखवलं, "बुदबुद... फदफद... सुर्रर्र." हुबेहूब. गिरिजाबाईंना वाटलं, ट्रंकेची किल्लीच कुणी कंबरेची काढून घेतली.

शनिवारी गिरिजाबाई उमाशंकरबरोबर हैदराबादला होत्या. डोसा "बरा हाय" म्हणत ताट चाटूनपुसून संपवला. चहाचे दोन कप झाले. दुकानात शाल मिळाली, हार मिळाला. सेठ म्हणाला, "ये तो बडी अम्मा!" टाळ्याही वाजल्या, पण शिवलीलाच्या वेळेपेक्षा जरा कमीच, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी पाचला त्या चारमिनारपुढं उभ्या होत्या. घरी कढई आटत आली असणार. त्यांनी फोन लावला.

"शिवे, फोन कढईजवळ धर."

भोवती रिक्षांचे हॉर्न, बांगडीवाल्यांचा ओरडा. "लेलो अम्मा, लाख के कंगन, देखो तो सही!" त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं. बुदबुद. मग फदफद. आत्ता खवा लागला तर काय होईल, ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. अत्याबाई म्हणतील, तुझ्याबिगर न्हाय गं बाई. नाव परत आपलं. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

सुर्रर्र.

गिरिजाबाई गप्प राहिल्या. एक श्वास. दुसरा. तिसरा काही त्यांना रोखवेना.

"शिवेऽ! जाळ ओढ! लाकडं ओढ की गं भायेर!"

बांगडीवाला दोन पावलं मागं सरला. फोनमधून मात्र गार आवाज आला, "अक्का, म्या तर कवाच वढली. तुमाला आत्ता ऐकू आलं व्हय?"

आणि तिच्यामागून घागर वाजली, "लई झ्याक उतरलाय गं! गिरिजाचा बी आसा होत न्हवता!"

गिरिजाबाईंनी फोन बंद केला, डाळिंबी पदर खांद्यावर ओढला आणि मान वर करून समोर बघितलं.

"कसा वाटला चारमिनार, वहिनी?" उमाशंकरनं विचारलं.

"हाय आपला," गिरिजाबाई म्हणाल्या. "चार म्हनतेत. मला तर हितनं तीनच दिसतेत."