खिडकीखालची दोन पोती

सकाळी नळाचं पाणी भरून झालं, की मेहमुदा मणेर खिडकीखाली दोन पोती अंथरायच्या. एकाला एक लागून. आधी झटकायच्या, मग कडा जुळवायच्या आणि शेवटी दोन्हींवरून तळहात फिरवायच्या. घर बांगड्यांचं. काचेचा कण कुठेही सापडायचा. पोती साखरेची होती, धुऊन धुऊन जुन्या लुगड्यासारखी मऊ झालेली.

आल्यागेल्याला ही बैठक चमत्कारिक वाटायची. कुणाच्याही घरी गेलं तर घरचं माणूस समोर बसतं. मेहमुदाचाची शेजारी बसायच्या, आणि दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बोलायच्या.

"भिंतीवर सिनेमा लावलाय काय चाची?" कुणीतरी विचारायचंच.

"बस तर खरं. लागंल," त्या म्हणायच्या.

अंगात मुरलेली सवय म्हणावी तर त्यांची सवय याच्या नेमकी उलट होती.

त्यांचं माहेर कोडोलीचं. तिथे चौथीपर्यंत शाळा झाली. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या, तेव्हा सासू हुसेनबींनी त्यांना बांगड्या भरायला शिकवलं. नवरा, इलाही, हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरायचा आणि आठवड्याला गारगोटीचा बाजार करायचा. घरातलं दुकान बायकांचं. हुसेनबींची शिकवण साधी होती. गिऱ्हाइकाच्या समोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून. मध्ये बांगड्यांची पेटी. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटं एकत्र गोळा करायची, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि तिला बोलण्यात गुंतवायचं. ती सासरच्या तक्रारी सांगायला लागली की हात सैल पडतो, आणि बांगडी सरकते. मेहमुदाबाईंना हे इतकं साधलं, की पुढे त्या कुणाशीही बोलायला बसल्या तरी समोरच बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून.

त्यांची एकुलती एक मुलगी सुगरा. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि उतरताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. ती सहा वर्षांची झाली, तेव्हा म्हणजे पासष्ट साली, मेहमुदाबाई तिला कडेवर घेऊन शाळेत गेल्या. हेडमास्तरांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

"पहिलीचा वर्ग माडीवर भरतो. रोज उचलून कोण नेणार? पडली-बिडली तर आमच्यावर. घरीच शिकवा की."

त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की हा विषय इथे संपला. मेहमुदाबाईंनी मात्र ते कामासारखं अंगावर घेतलं. गल्लीत येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "मास्तर म्हणालेत, घरी शिकवा." सांगण्याचा ढंग असा, की जणू शाळेनं त्यांना नेमणूकच दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. पेटी मध्ये, पेटीवर पाटी, अलीकडे आई, पलीकडे भिंतीला टेकून मुलगी. गिऱ्हाईक आलं की पाटी उचलायची, गेलं की ठेवायची. आई पाटीवर 'ग' काढायची, सुगरा खाली तसाच काढायची. आई पुस्तक उघडून ओळीखालून बोट फिरवायची, मुलगी बोटामागून वाचायची. घरची बोली एक, पुस्तकातली मराठी वेगळी. पण पोर भराभर शिकत गेली. बेरजा तर ती बांगड्यांच्या डझनांवर करायची, त्यामुळे बाराचा पाढा तिला दोनाच्या आधी आला. तीन वर्षं असं चाललं. हुसेनबींना वाचता येत नव्हतं, इलाहींना सहीपुरतं येत होतं. ते दोघं लांबून ऐकायचे आणि खूश व्हायचे.

ललिताबाई नावाच्या एक शिक्षिका बांगड्या भरायला यायच्या. त्यांनी सुगराचं वाचणं ऐकलं, तेव्हा त्यांचा हात मेहमुदाबाईंच्या हातात होता आणि नजर बांगडीवर. त्यांनी आपल्या शाळेत शब्द टाकला. मुलीला चौथीच्या वार्षिक परीक्षेला बसवून बघू, पास झाली तर दाखला मिळेल, असं ठरलं. घराला तो दाखला हवा होता. दाखला मिळाला तर पोर शिकली हे लोक मानणार होते. नाहीतर ती घरात बसलेली पांगळी पोर, एवढीच तिची ओळख राहणार होती.

परीक्षेदिवशी इलाहींनी हातगाडीवरच्या बांगड्या उतरवल्या आणि गाडीवर सुगराला बसवलं. खाली वाकळ, डोक्यावर छत्री. मेहमुदाबाई शेजारून चालत होत्या. वाटेत एकानं विचारलं, "इलाही, आज काय इकाय काढलंयस?" "आज इकायचं न्हाय, दाखवायचंय," इलाही म्हणाले.

वर्गात एका वयस्क मास्तरांनी फळ्यावर प्रश्न लिहिले. मुलं खाली माना घालून लिहायला लागली. सुगरा फळ्याकडे बघत राहिली. तिनं मान डावीकडे कलवली, मग आणखी कलवली, कान खांद्याला टेकेपर्यंत. मास्तर म्हणाले, "हिला अक्षरओळख नाही."

ललिताबाईंनी घाईघाईनं तिच्या हातात पुस्तक दिलं. सुगरानं ते घेतलं, उलटं फिरवलं आणि घडाघडा वाचायला लागली. वर्ग हसला.

"बाळ, सरळ धर."

"सरळच हाय," सुगरा म्हणाली.

मास्तरांनी तिला पाटीवर दोन ओळी लिहायला लावल्या आणि व्हरांड्यातून मेहमुदाबाईंना आत बोलावलं. लेकीच्या समोर उभं राहून त्यांनी तिची पाटी बघितली. अक्षर गोल, ओळ सरळ. चुकलंय काय, ते त्यांना कळेना. मग ललिताबाईंनी त्यांना दंडाला धरून फिरवलं आणि सुगराच्या मागे आणून उभं केलं. तीन वर्षांत त्या पहिल्यांदाच लेकीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या होत्या. तिथून पाटीवरचं एकूण एक अक्षर डोक्यावर उभं होतं.

मास्तर वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, पोर हुशार आहे. पण फळा काय उलटा टांगता येत नाही. पुढच्या वर्षी आणा."

घरी आल्यावर हुसेनबी म्हणाल्या, "तुला म्या बांगड्या भराय शिकीवलं गं. तू पोरीला बी गिऱ्हाईकच केलंस."

मेहमुदाबाईंनी पाटी फळीवर ठेवून दिली. सुगरा सांगते, की त्या आठवड्यात आईच्या हातून बांगड्या फार फुटल्या. मग एका सकाळी पाणी भरून झाल्यावर त्यांनी पेटी बाजूला सारली, खिडकीखाली दोन पोती अंथरली, सुगराला एकावर बसवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसल्या. सुगरा रडली. सरळ अक्षरं तिला उलटी वाटत होती. पण आईच्या ध्यानात त्याच दिवशी दुसरंच काही आलं. लिहिताना पोरीचा उजवा खांदा उतरतो. अवघड शब्द यायच्या आधीच पेन्सिल थांबते. पायाला मुंग्या आल्या की ती गप्प होते, आणि आपण इतके दिवस तिला हट्टी म्हणत होतो. समोरून फक्त उत्तर दिसत होतं.

पुढच्या वर्षी सुगरा पास झाली. नंतर सातवी झाली आणि शहात्तर साली बाहेरून मॅट्रिक. गणितात एकदा गचकली, दुसऱ्यांदा निघाली. दाखले आले, पण त्या तीन वर्षांचं ओझं मेहमुदाबाईंच्या मनावरून उतरलं नाही. पोरीचं वय आपण वाया घालवलं, असं त्या म्हणायच्या.

म्हणूनच मीनाबाई कांबळेंना त्यांनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं. ही गोष्ट एकाहत्तर सालातली. थोरल्या दवाखान्यात सुगराच्या बुटाच्या सळ्या बदलायला गेल्या असताना शेजारी मीनाबाई बसल्या होत्या. मांडीवर त्यांचा बाळासो, त्याचेही पाय तसेच. सुगराच्या हातात पुस्तक बघून त्यांनी विचारलं, "ही कुठल्या शाळंत जाती?"

"घरीच."

"मग माझ्या पोराचं बी सांगा की कसं करायचं."

"मला नको इचारू. माझ्या पोरीला म्या तीन वर्षं उलटं शिकीवलंय."

"उलटं तर उलटं, शिकली तर की," मीनाबाई म्हणाल्या. "आमचं तर बसूनच हाय."

चार दिवसांनी बांगड्यांची टोपली घेऊन मेहमुदाबाई मीनाबाईंच्या दारात गेल्या. बांगड्या विकायलाच आले, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. आत मीनाबाईंचे यजमान गणपती, एसटीच्या वर्कशॉपातले, पोरासमोर मांडी ठोकून बसले होते. हातात फूटपट्टी. पोरगा पाटीकडे न बघता पट्टीकडे बघत होता.

"गणपतभाऊ, उठा," मेहमुदाबाई म्हणाल्या.

"का?"

"उठा तर. इकडं या. पोराच्या बाजूला बसा."

आणि मग, पहिल्यांदाच परक्या घरात, त्यांनी सुगराच्या परीक्षेची सगळी गोष्ट सांगितली. हातगाडी, छत्री, मान कलवलेली पोर, डोक्यावर उभी अक्षरं. गणपती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसता हसता थांबले. पट्टी कोनाड्यात ठेवून पोराच्या बाजूला येऊन बसले.

"आणि मला तर वाचायलाच येत न्हाय," मीनाबाई म्हणाल्या. "म्या काय करू?"

"गणपतभाऊ कामावर गेलं की तू बस. पोरगं कुठं अडतंय तेवढं बघ. संध्याकाळी त्यास्नी सांग."

दोन वर्षांनी बाळासोबरोबर मीनाबाईही वाचत होत्या. मग त्यांच्या बहिणीकडून कुणी आलं, दवाखान्यातून कुणी आलं, इलाही गारगोटीच्या बाजारातून निरोप घेऊन यायचे. मेहमुदाबाई टोपली डोक्यावर घेऊन जायच्या. बांगड्या भरायच्या आणि भरता भरता घरात बसलेल्या पोराची चौकशी करायच्या. प्रत्येक घरी सुरुवात त्याच गोष्टीनं. आपली चूक आधी सांगितली की आया बोलायला लागायच्या, बांगडी भरताना हात सैल पडावा तशा.

एकोणऐंशी साली शिरोळचे हंबीरराव जीप घेऊन गल्लीत आले. ऊसवाला माणूस, आवाज मोठा. त्यांची सात वर्षांची शालन, हिला ऐकू फार कमी यायचं. शाळेतून परत पाठवली होती.

"बाई, महिन्याला काय घेशीला ते सांगा. जीप धाडतो. शिकवून जावा."

"पावणं, म्या शिकवत न्हाय. घरच्या माणसाला शिकवाय लावते. बसा पोरीशेजारी."

"म्या? खाली?"

"खुर्ची न्हाय आमच्यात."

हंबीरराव पोत्यावर बसले. गल्लीतली पोरं दारात जमली. दर गुरुवारी ते पोरीला घेऊन येत राहिले, पण शालन काही उमलेना. शेजारी बसलं की ती पाटीकडे बघायची आणि बापाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचं नाही. मेहमुदाबाई म्हणायच्या, धीर धरा. त्यांची त्या दोन पोत्यांवर श्रद्धा बसली होती. शेवटी सुगरानंच तोंड उघडलं. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

"अम्मा, तिला बोलणाऱ्याचं तोंड दिसाय पायजे. ती ओठ बघती."

"मग समोर बसाय लागंल. समोरनं लिहिलं तर तिला उलटं दिसंल. एक पोर केली तशी, पुरे झालं."

सुगरा कुबड्यांवर उठली. शालनच्या समोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. पाटी मध्ये ठेवली. तोंडानं सावकाश "घर" म्हणाली आणि आपल्या बाजूनं उलटं, म्हणजे शालनला सरळ दिसेल असं, लिहिलं. पुढचा शब्द, त्याच्या पुढचा. हात कुठे अडखळला नाही. शालननं ओठ बघितले, पाटी बघितली, परत ओठ बघितले. मग खाली तिनं जे लिहिलं, ते सुगरानं समोरूनच वाचलं आणि मान हलवली.

हंबीररावांनी विचारलं, "हे कुठं शिकली ही?"

मेहमुदाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडंच."

त्यानंतर 'वाया घालवलेली वर्षं' हे शब्द त्यांच्या तोंडून फारसे आले नाहीत. कुठे बसू, असं एखाद्या आईनं विचारलं, तर त्या आता पोतं दाखवण्याआधी पोराकडे बघायच्या. सुगराकडे शालनसारखी ऐकू न येणारी आणखी मुलं यायला लागली. हंबीररावांच्या शालननं चौथीचा दाखला घेतला, तेव्हा जीपमधून गुळाच्या दोन ढेपा आल्या. त्या पुढचं वर्षभर पुरल्या.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात मेहमुदाबाईंनी अंथरूण धरलं. खाट खिडकीजवळ ओढली होती. पोती आता मीनाबाई येऊन अंथरायच्या, काच बघायच्या. एके सकाळी गारगोटीहून एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. नवीनच होती, बिचकत होती. सुगरा तिला धीर देत पाटी पुढे करून सांगत होती. मुलगी पोत्यावर बसली होती आणि तिच्या पाटीवर दोघींची डोकी वाकली होती. मेहमुदाबाई डोळे मिटून पडल्या आहेत, झोपल्या असाव्यात, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी डोळे उघडले, थोडा वेळ तिकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"सुगरा, सरक की जरा. पोरीचा उजेड आडीवलायस."