मागची सीट रिकामी होती

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हायस्कुलात गणित शिकवलंय मी... रीत दाखवता येत नसेल तर मार्क नाहीत, हाच माझा खाक्या. तरी हे लिहितेय.

साठ-एकसष्टची गोष्ट. आम्ही मालवणात राहायचो. ह्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली होती, उघड्या टपाची. कापडी टप मागे दुमडला की वर आभाळ, दोन्ही बाजूंना माड, तोंडावर खारा वारा — जीव हरखून जायचा! पण ब्रेक लहरी, आणि लाल धूळ दातांत कचकचायची. सातव्या महिन्यात मला माहेरी, वेंगुर्ल्याला जायचं होतं. आधीचं मूल पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी एसटीचे हादरे बंद केले होते. गाडीची सीट मऊ होती. ब्रेकची भीती मोठी की हादऱ्यांची, असा बराच खल झाला आणि गाडी जिंकली.

निघताना सासूबाईंनी ह्यांच्या हातात विड्यांचं बंडल दिलं. "शिवेर उतरान म्हाराजाक विडी ठेय. गाडयेत पोटुशी बाय आसा."

म्हाराजा म्हणजे गावची शीव राखणारा देवचार. त्याच्या दगडावर विडी ठेवून "सांगाती ऱ्हव" म्हणायचं आणि मगच पुढे जायचं, ही आमच्याकडची रीत.

भर दुपारी शिवेवर थांबलो. हे उतरलेच नाहीत. बसल्या जागेवरून बंडल भिरकावलं आणि हसत ओरडले, "म्हाराजा, उतरूक येळ नाय! होया तर तूच येवन बस मागे. टप उघडोच आसा!"

मीही हसले. तेवढ्यात गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसला. स्प्रिंग कुरकुरली. वळून बघितलं... सीट रिकामी.

"खड्डो आसतलो," हे म्हणाले. पण गाडी तर उभी होती! पुढे उघड्या गाडीत वारा नुसता घोंघावत होता, आणि विडीचा वास मात्र माझ्या खांद्यामागून हलेना. मी घाबरले होते.

वाटेतल्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. रस्ता उतारावरून थेट तराफ्याच्या धक्क्यावर जायचा. उतार लागला आणि ह्यांचा ब्रेकवरचा पाय नुसताच खाली गेला. हँडब्रेकही लागेना.

"अहो, पाणी!"

हे पांढरेफटक. मी दोन्ही हातांनी पोट धरलं. आणि मागून खरखर सुरू झाली, कुणीतरी पाय रोवून गाडी ओढून धरावी तशी. गाडी जड होत होत धक्क्याच्या कडेला थांबली. मागे बघायचा धीर दोघांनाही झाला नाही.

मुलगी झाली, सुखरूप; ह्यांचं लाडकं चेडू. गाडीचा तो कोपरा मात्र वर आलाच नाही. मेकॅनिकनं स्प्रिंग बदलून पाहिली, काही उपयोग नाही. मागे आम्ही कुणाला बसवलं नाही.

काही वर्षांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही दोघंच निघालो, तेव्हा हे शिवेवर थांबले. या विषयावर कधी चकार शब्द न काढणारा माणूस — चपला काढून खाली उतरला, दगडावर विडी ठेवली आणि हात जोडले.

"म्हाराजा, शीव इली. उतर आता. चेडू बरा आसा."

स्प्रिंग कुरकुरली. कोपरा हळूच वर आला.

याची रीत मला आजही मांडता येत नाही. लेक मात्र शेजारी बसून हे वाचतेय.