कुंपणापलीकडची बसराई

"आतून बघितल्याशिवाय बोलू नये," असं म्हणत टीचर पर्समधून छोटा चाकू काढायच्या. बाजारातलं वांगं असो की शाळेच्या आवारातलं रोपटं, संशय आला की चिरायचं. भाजीवाल्या त्यांना लांबूनच हात जोडायच्या. टीचर विज्ञान शिकवायच्या, मी त्याच शाळेत मराठी.

नव्वदच्या दशकात भुईगावात त्यांच्या धाकट्या भावाच्या वाडीतली वेलची केळी मरू लागली. पानं पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबायची, बुंधा तळाशी फाटायचा. कुंपणापलीकडे म्हाताऱ्या शेजाऱ्याची बसराई केळी मात्र हिरवीगार. शेजाऱ्याने पाटाच्या पाण्यात विष कालवलं, असं भावाने मनात धरलं.

एका रविवारी मी टीचरकडे, त्या वाडीतल्या घरी गेलो होतो. आमच्यादेखत भाऊ कोयता घेऊन कुंपणापलीकडे गेला आणि केळ्यांच्या लोंगरांनी वाकलेली बसराई आडवी करत सुटला. शेजारी मधे पडला. कोयता त्याच्या उजव्या मनगटात बसला.

शेजाऱ्याने तक्रार केली नाही. पण त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही.

दवाखान्यातून परतल्यावर टीचरनी भावाला वाडीत उभं केलं. वेलचीचा बुंधा चिरला. आत लालसर, तपकिरी रेघा. मग पाडलेली बसराई चिरली. आत पांढरीशुभ्र.

"मातीतली बुरशी आहे ही. वेलचीच्या मुळातून वर चढते, पाण्याच्या नळ्या बंद करते. बसराई तिला मुळातच अडवते. माती तीच, पाणी तेच. यात माणसाचा हात नाही."

"मग माझ्यावरच का, बाय?" भावाने बहिणीला विचारलं.

"तुझ्यावर नाही रे. वेलचीवर."

त्याने चिरलेला बुंधा उचलून पुन्हा बघितला. कुणी गुन्हेगार सापडला असता, तर भावाला ते सोसलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

पुढे शाळा सुटली की टीचर आधी शेजाऱ्याकडे जायच्या. त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायच्या. भावाला ते सहन होईना. त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. "बोलेल," त्या मला म्हणायच्या. तो बोलला नाही.

काही वर्षांनी टीचर काविळीने गेल्या. शवपेटी उचलताना भावाच्या जोडीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडला. म्हातारा पुढे आला आणि त्याने डाव्या हाताने पेटी धरली. भावाने मान वर केली नाही, पण पावलं आखडती घेतली, म्हाताऱ्याला जमतील अशी.

दफनानंतर दोघे दोन वाटांनी घरी गेले.